दर हजारी तीस

सोमवार, ५ जानेवारी

मेलेल्या आजोबांनी स्वतः दार उघडलं!

अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा. मी कागदात बघून विचारलं, "या घरातले आजोबा मे महिन्यात..." पुढे जीभच वळेना. त्यांनी कागद ओढून घेतला, लांब धरून वाचला आणि आत तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का? मी वारलोय! मेमध्येच! आणि तू मला अजून भाजी आणायला पाठवतेस?" आजी आतून म्हणाल्या, "आज नाही पाठवत. पण दाढी पुरी करून मग वारा."

हसायला हवं होतं. मी तीनदा माफी मागितली. वारले ते शेजारच्या घरातले. यादी करणाऱ्या आमच्या चष्मेवाल्यांनी घराचा क्रमांक चुकवला होता.

परतताना स्वतःला समजावत होते — चूक माझी नाही, उलट ती पकडणं हेच माझं काम. आमच्याकडे एकाच वस्तीच्या दोन याद्या होतात. पहिली बालवाडीच्या बाई करतात. त्या तिथेच राहतात, महिन्याच्या महिन्याला वहीत लिहितात — कोणाकडे मूल झालं, कोण वारलं, कोण दुसरीकडे राहायला गेलं. दुसरी चष्मेवाले करतात. ते सहा महिन्यांनी एकदा बाहेरून येऊन दारोदार विचारतात. एकमेकांची यादी दोघांनी बघायची नाही. मग दोन्ही याद्या माझ्या टेबलावर. जुळलं ते खरं धरायचं. जुळलं नाही तिथे तिसऱ्या माणसाने जाऊन यायचं, आणि तो लिहील ते शेवटचं.

तिसरी मी. नोकरीला तीन महिने. शेवटचा शब्द माझा! घरी कोणाला सांगितलं नाही, हसतील.

बुधवार, ७ जानेवारी

आई शेजारणीला सांगत होती, "आमची मेलेल्यांची हजेरी घेते." बाबा दुरुस्तीला आलेलं कुलूप खोलून बसले होते, मान वर न करता म्हणाले, "हजर कोण म्हणतं?"

शुक्रवार, ९ जानेवारी

आज शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेले. पहिल्या यादीत — मूल मेलेलंच जन्मलं. दुसऱ्या यादीत — जन्मून वारलं. वाचणाऱ्याला वाटेल, काय फरक पडतो? फरक एका श्वासाचा. श्वास घेतला तर जन्म एक आणि मृत्यूही एक. नाही घेतला तर बालमृत्यूत धरायचंच नाही.

प्रश्न छापलेले असतात, तरी विचारताना माझी नजर कागदावरून वर येत नाही. रडलं का? हातपाय हलवले का? श्वास घेतला का?

बाईंनी मशीन थांबवलं. "रडलं नाही," म्हणाल्या. सुईखालचं कापड सोडवलं. मग — "जांभई दिली. एकदाच. दाई म्हणाली, कंटाळलं बघा लगेच."

चाळीस मिनिटं होतं. मी लिहिलं — जिवंत जन्म. निघताना त्यांनी माझं कोपर धरलं. "म्हणजे तुमच्या कागदात ते धरलं ना?" म्हटलं, धरलं. त्यांनी मान हलवली आणि मशीन पुन्हा चालू केलं. सुखावल्या की दुखावल्या, मला कळलं नाही. मला माणसांचं पटकन कळतच नाही. आकडे बरे.

सोमवार, १२ जानेवारी

साहेबांनी फळ्यावर मांडलं. आमच्या भागात वर्षभरात जिवंत जन्म २६४. वर्षाच्या आत वारलेली मुलं ७, त्यात शिवणकामवाल्या बाईंचंही आलं. सात भागिले दोनशे चौसष्ट गुणिले हजार — साडेसव्वीस. याला बालमृत्यू दर म्हणायचं. दर हजारी किती.

पुढचं मला नवीन होतं. यंदा नव्याने जन्मलेल्या मुलांसाठी उबेची खोली मंजूर होणार आहे. दोन भागांत मिळून एकच. आमच्या दवाखान्याला किंवा नदीपलीकडच्याला. अट एकच — दर तिसाच्या वर. नदीपलीकडचा भाग आत्ताच तिसाच्या वर आहे, पण जन्म आमच्याकडे दुप्पट. दोघेही तिसाच्या वर गेले तर खोली जन्म जास्त तिथे, म्हणजे इथे. सध्या इथे कमी दिवसांचं मूल झालं तर गाडीत घालून दोन तास न्यावं लागतं. गेल्या वर्षीच्या सातांपैकी तीन वाटेतच गेली. थंडीने.

"आणि आठ झाले तर?" कोणीतरी विचारलं. मी मनात केव्हाच भागाकार केला होता. तीस पूर्णांक तीन.

साहेब खडू झटकत म्हणाले, "इतक्या थोड्या मुलांवरून दर काढायचाच नसतो. एका मुलाने चार अंकांची उडी! पण हे वरच्यांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?" मग माझ्याकडे बघून, "तुझ्याकडे न जुळलेलं अजून एक आहे ना?"

आहे. पहिल्या यादीत — मुलगी, स्थलांतरित. दुसऱ्या यादीत — तीच मुलगी, दोन महिन्यांची असताना मृत.

मंगळवार, १३ जानेवारी

निळं दार. बाई माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. घर इतकं आवरलेलं की पाय कुठे ठेवावा कळेना.

"वारली," ती म्हणाली. लगेच. मी पुरतं विचारायच्या आधीच.

किती दिवसांची होती? दोन महिन्यांची. काय झालं? ताप. किती दिवस ताप होता? — "होता." दवाखान्यात नेलं होतं? — "नेलं असेल." असेल? तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. घरी वारली की दवाखान्यात? — "तुम्ही पाणी घ्याल?"

जन्मल्यावर रडली होती का, हे मी विचारायचं कारण नव्हतं. दोन महिने जगली म्हणजे रडलीच असणार. पण फॉर्मवर प्रश्न आहे, मी एकही प्रश्न गाळत नाही, म्हणून विचारलं. आणि बाईचा चेहराच बदलला! "रडली म्हणजे! अख्खा दवाखाना गोळा केला तिने. सिस्टर म्हणाल्या, ही भांडखोर निघणार." हसली. मग एकदम उठून पाणी आणायला गेली.

निघताना उंबऱ्यात तिने विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत असेल. दहाव्या महिन्यात मूल धरून उभं राहतं का?"

म्हटलं, काही राहतात.

कोपऱ्यावर येऊन थांबले. मग हिशेब केला. तिची मुलगी जगली असती तर आज दहा महिन्यांची असती. वारलेल्या मुलाचं वयही आई मोजत राहते का? राहत असेल. मला काय माहीत! फॉर्म कोरा ठेवला.

गुरुवार, १५ जानेवारी

बालवाडीच्या बाईंकडे गेले. त्या मुलांच्या वाट्या धूत होत्या. निळ्या दाराचं नाव काढलं तर वाटी हातातच राहिली.

"वारली? कोण म्हणतं? अहो, नणंदेकडे आहे ती! मीच दूध गरम करून बाटलीत भरून दिलं, मीच गाडीत बसवलं."

"पण आई स्वतः म्हणते—"

"ती तेच म्हणते. सगळ्यांना." बाईंनी नळ बंद केला. "बाळंतपणानंतर ती फार आजारी होती. चार महिने उठता येईना. नणंदेला मूल नाही. म्हणाली, बरी होईस्तोवर मी सांभाळते. ही बरी झाली. पण तोवर नणंदेचा जीव गुंतला होता, आणि सासू म्हणाली, तुला काय, तू तरुण आहेस, अजून होतील. नवरा काही बोलला नाही. तो कधीच बोलत नाही. झालं."

"मग वारली का म्हणते?"

"ते तिला विचारा. माझ्या वहीत मी पाहिलं ते लिहिलं. मुलगी गेली दुसऱ्या गावाला — स्थलांतरित."

शुक्रवार, १६ जानेवारी

विचारलं. कसं विचारलं, माझं मला ठाऊक. दारात उभी राहून आधी हवापाण्याचंच बोलत होते. शेवटी तीच म्हणाली, "बालवाडीवालीने सांगितलं ना?"

ती रडली नाही. मीच कावरीबावरी.

"दिली म्हटलं की लोक थांबत नाहीत हो," ती म्हणाली. "का दिली? कशी दिली? कधी आणणार? तुला करमतं कसं? रोज नळावर, रोज दुकानात. एक दिवस एकीला म्हटलं, वारली. ती गप्प बसली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगते. वारली म्हटलं की विचारायचं थांबतात."

मी म्हटलं, पण मला खरं लिहावं लागतं.

"तुमच्या कागदात वारलीच लिहा, ताई. पाया पडते. कागदावर जिवंत राहिली की मला रोज वाटणार, जावं, आणावं. आणि आणता तर येत नाही."

मी तिला सांगितलं की हा कागद कोणी बघत नाही, यातून दाखला निघत नाही, नावसुद्धा पुढे जात नाही, फक्त आकडा जातो. तिने ऐकलं. म्हणाली, "लिहिलेलं ते लिहिलेलं."

हे वाक्य माझ्या आईचं असू शकलं असतं.

शनिवार, १७ जानेवारी

नियमपुस्तिका, पान १४: माहिती देणाऱ्याचं उत्तर जसंच्या तसं नोंदवावं. पान ३१: शंका असल्यास खात्री करून नोंदवावं. दोन्ही पानं एकाच पुस्तकात, एकाच दोऱ्याने शिवलेली!

सोमवार, १९ जानेवारी

वाकडी वाट करून दवाखान्यात गेले. जायला नको होतं.

काल संध्याकाळी जन्मलेला मुलगा, सव्वा किलोचा. खोक्यात कापूस, कापसाच्या दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या. सिस्टर दर अर्ध्या तासाने पाणी बदलतात. गाडी दुसरीकडे गेलेली. "तुम्ही आकडेवाल्या ना?" त्या म्हणाल्या. "तुमचा तो दर काय म्हणतो?" मी म्हटलं, साडेसव्वीस. "म्हणजे छान चाललंय आमचं! अभिनंदन!" आणि बाटली माझ्या हातात दिली. "धरा जरा. भाजत नाही ना बघा."

धरली. मुलगा माझ्या तळहाताएवढा. त्याला काय ठाऊक सात की आठ!

मंगळवार, २० जानेवारी

साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, ते काय लिहायचं ते सांगतील, मी लिहीन, मोकळी होईन. ते खिडकीकडे तोंड करून बसले.

"आई काय म्हणते?"

"वारली म्हणते."

"दोनदा विचारलंस?"

"दोनदा."

"मग जन्मदाती आई मेली म्हणते, तिथे तू कोण जिवंत म्हणणारी?" हसले. मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले. "हे बघ, मी काहीच म्हटलेलं नाही. तुझं पेन, तुझा हात. पण गुरुवारी यादी हवी."

माणसाने एवढी वर्षं काम करून असं बोलावं? की एवढी वर्षं काम केलं म्हणूनच असं बोलता येतं?

मला खरंच कळत नाही. खोटं लिहिलं तर त्या खोक्यातल्या मुलासारखी मुलं वाचतील. खरं लिहिलं तर कोणाचंच भलं होत नाही — आईचं नाही, मुलीचं नाही, दवाखान्याचं नाही. मग खरं कोणासाठी लिहायचं? पण नदीपलीकडेही खोकी असतीलच की! त्यांची खोली मी पळवणार. तिथे कोणीतरी माझ्यासारखीच बसली असेल, खरं लिहून.

बुधवार, २१ जानेवारी

नाव-गाव न सांगता घरी विषय काढला. आई म्हणाली, "ती पोर त्या खोलीत जाणार आहे का? नाही ना? मग तिला कशाला मध्ये घालता?" बाबा म्हणाले, "मालकाला विचारल्याशिवाय मी कोणाचं कुलूप उघडत नाही. मालकीण म्हणते बंद ठेव, तर ठेव की." दोघांचं पटलं. दोघांचंही कसं पटतं मला?

एक गोष्ट कधीच कुठे लिहिली नाही. आज लिहिते.

मी नऊ वर्षांची असेन. घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून पत्र आलं की मला स्टुलावर बसवायचे. एकदा मावशीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं — मी आजारी असताना तू आली नाहीस, आता माझ्या दारात येऊ नकोस. आई पुढ्यात बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. हातात ओले कपडे तसेच. मी वाचलं, "सगळे मजेत आहेत. मुलं अभ्यास करतात. तुझी आठवण येते." आईने ते पत्र आठ दिवस उशाशी ठेवलं. मग उत्तर सांगितलं, ते मी लिहिलं. मग मावशीचं पत्र कधी आलंच नाही. आई अजून म्हणते, काय झालं कोण जाणे, एवढी चांगली पत्रं लिहायची!

आईला दुखू नये म्हणून केलं. बहीण मात्र तुटली. मी खरं वाचलं असतं तर आई दुसऱ्याच दिवशी उठून मावशीकडे गेली असती, पाया पडली असती, भांडली असती, काहीतरी झालं असतं. तेव्हापासून मी एकही अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. बेरीज तीनदा करते. लोक म्हणतात, फार काटेकोर पोरगी. काटेकोर कसली, भित्री.

गुरुवार, २२ जानेवारी

सकाळी कार्यालयात फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. पेन्सिलीने लिहिलं — स्थलांतरित. खोडलं. मृत लिहिलं. खोडलं. कागद त्या जागी पातळ झाला.

सव्वा किलोचा मुलगा काल गाडीत गेला, असं सिस्टरनी फोनवर सांगितलं. पोहोचायच्या आधीच. यंदाचा पहिला. तो पुढच्या वर्षीच्या यादीत जाईल.

शाईने लिहिलं — मृत. वय दोन महिने. कारण ताप.

खाली सही केली. माझी सही कधी इतकी सुंदर आली नव्हती.

शुक्रवार, २३ जानेवारी

यादी गेली. आठ. तीस पूर्णांक तीन.

मंगळवार, २७ जानेवारी

कोणी काही म्हणत नाही. चष्मेवाले फक्त म्हणाले, "शेवटी आमचंच बरोबर निघालं ना! आजोबांचं एक जाऊ द्या." बालवाडीच्या बाई रस्त्यात दिसल्या. त्यांनी नजर चुकवली, की मी? दोघींनी चुकवली.

बेरीज पाचदा करू लागले आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

खोली मंजूर! इथेच! साहेबांनी सगळ्यांना चहा दिला. सिस्टरनी फोन केला, रडतच होत्या. "तुमच्या आकड्याचं तोंड गोड होवो," म्हणाल्या. पुढच्या महिन्यात भिंत पाडणार, वायरिंग बदलणार. मी आनंदात आहे. आहे ना? घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "त्या खोलीचं कुलूप मी बसवीन. फुकट."

मग मला भूक का नाही?

गुरुवार, १२ फेब्रुवारी

निळ्या दाराची बाई कार्यालयात आली. कडेवर मूल.

"तुम्ही विचारून गेलात ना, जन्मल्यावर रडली होती का, म्हणून. त्या दिवसापासून तिचं रडणंच ऐकू यायला लागलं. काल जाऊन घेऊन आले. नणंदेने आधी दार लावलं, मग उघडलं. सासू बोलत नाही. नवरा पहिल्यांदाच बोलला, म्हणाला बरं केलंस. आता हिला जिवंत लिहा, ताई."

सवयीने वय विचारलं. अकरा महिने चार दिवस.

मूल एकदम ओरडून रडायला लागलं. सगळी टेबलं वळून बघायला लागली. आतून साहेबांनी हाक मारली, "कोण आहे गं?"

मी म्हटलं, "आठवी."